अंगठ्याखालचं उत्तर

बाराशे प्रश्न. झेरॉक्सची झेरॉक्स.
पानं सुटायला लागली तेव्हा कणा मीच शिवला,
पोत्याच्या दोऱ्यानं.
येशिमेबेट म्हणते, वाच.
मी आठवीत शाळा सोडलेला शिंपी,
इंग्रजी अक्षरं जुळवत जुळवत वाचतो.
अर्धा प्रश्न झाला की ती हात वर करते,
पुरे, कळलं.

देब्रे ताबोरात वीज गेलेली.
मशीनच्या फळीवर कंदील,
उत्तरावर माझा अंगठा.

हे पुस्तक आधी डॉक्टर अस्रातचं होतं.
चुकलं तिथे त्यानं समासात स्वतःलाच शिवी लिहिली आहे,
अम्हारिकमध्ये. तेवढं मला सलग वाचता येतं.
आता तो अदिसला सर्जन होतोय,
म्हणजे शिव्या लागू पडल्या असणार.

खालीलपैकी कोणता धागा शरीरात विरघळत नाही?
'ड,' ती म्हणते. 'प्रोलीन. निळा असतो.'
मी म्हणतो, विरघळणारा धागा कुणाच्या कामाचा?
सोळा वर्षं शिवतोय, एका गिऱ्हाइकानं मागितला नाही.
ती हसते. आज पहिल्यांदा.

प्रश्नांतल्या माणसांना नावं नसतात.
पंचेचाळीस वर्षांचा पुरुष.
गरोदर स्त्री, तिसरी खेप.
त्यांच्याबरोबर कुणी आलेलं नसतं,
रक्त मागितलं की मिळतं,
आणि दुखणं किती तासांचं ते त्यांना नेमकं ठाऊक असतं.
तिच्या वॉर्डात म्हातारी सांगते, दोनला सुरू झालं.
आमचे दोन म्हणजे सूर्य उगवून दोन तास.
कागदावर लिहायचे आठ.
एकदा एका नव्या पोरानं दोनच लिहिले,
आणि अपेंडिक्स सहा तासांनी म्हातारं झालं.

तीनशे अठ्ठ्याऐंशी.
साठ वर्षांचा पुरुष. दोन दिवस पोट फुगलेलं,
वारा सरत नाही, शौचाला नाही…
इथे मी अडखळलो. शब्द अवघड म्हणून नव्हे.
तिनं हात वर केला नाही.
मी शेवटपर्यंत वाचलं.

आब्बा खेचरं हाकायचा, लोकांचं धान्य वाहायचा.
त्याला आठ जणांनी खांद्यावरून नेलं,
दीड दिवस, दोन नद्या.
ही अकरा वर्षांची, बॅटरी घेऊन पुढे.

यानंतरची सर्वांत योग्य कृती कोणती?
अ, शस्त्रक्रिया.
ब, दुर्बीण घालून आतड्याचा पीळ सोडवणे, नळी ठेवणे.
क, बेरियमचा एनिमा.
ड, वाट पाहणे.

'ब,' ती म्हणाली. 'पोट मऊ असेल तर.
कडक झालं असेल तर अ.'
अंगठा उचलला. बरोबर होतं.

पहिल्या रात्री माझा हात होता त्या पोटावर.
भरलेल्या पखालीसारखं लागत होतं.
पखाल मऊ म्हणायची की कडक?
विचारणार होतो.
'पुढचा,' ती म्हणाली.

पुढचा थायरॉईडचा. मग भाजलेलं मूल, किती टक्के.
मग हर्निया, त्यात तिचं चुकलं,
तिनं अस्रातची शिवी मोठ्यानं वाचून घेतली.
परीक्षा पाग्मेत आहे,
तेराव्या महिन्यात. आमचा तो महिना पाचच दिवसांचा,
तिला वाटतं, त्याला तीस असते तर!

चारशे दोनवर तिची मान पडली.
मी तरी उत्तर वाचलं, क,
झोपेत कानावाटे जात असेल तर जावो.
पांढऱ्या कोटाचं दुसरं बटण लोंबत होतं.
ते लावलं. दुहेरी दोरा, चार फेरे, गाठ आतून.
सुई खुणेला पानात खोचून ठेवली.
सकाळी बोटाला लागली की मला शिवी घालेल,
अस्रातच्या परीस सरस.