उजवीकडचं वजन

नायनाची स्कूटर नव्वद सालची.
इंजिन उजव्या बोनेटच्या पोटात,
म्हणून गाडी जन्मापासून उजवीकडे कललेली
आणि नायना डावीकडे.
एकतीस वर्षं अर्धं ढुंगण सीटबाहेर ठेवून
त्यानं विडी घरकुल ते एमआयडीसी
रस्ता सरळ ठेवला.

मार्चमध्ये क्रँक गेला.
"पार्ट येत नाहीत बे आता," तीन दुकानांनी सांगितलं.
तेंदूच्या पानावर कात्री फिरवता फिरवता
अम्मा म्हणाली, भंगारात द्या.
नायनाला ऐकू गेलं नाही.
मागावरच्या माणसाला काय ऐकू जायचं नाही
हे त्याचं तोच ठरवतो.

बाळ्याच्या भंगारवाल्याकडं इंजिन मिळालं,
मोटारसायकलचं, एकशे पंचवीस, साडेसहा हजार.
कागदावर नाव: सिद्रामप्पा, मु. पो. मंद्रूप.
गाडी पुढून पार चेपलेली, इंजिनाला खरचटासुद्धा नाही.
सिद्रामप्पाचं काय झालं
ते आम्ही विचारलं नाही.

बंदेनवाजचाचाच्या शेडमध्ये, पत्र्याखाली,
त्रेचाळीस डिग्रीत,
चादरींच्या खोक्याचा पुठ्ठा कापून मी माप काढलं.
इंजिन सीटखाली बरोबर मधोमध बसवायचं,
तर दोन इंच उंच भरत होतं.
चासी कापायला ग्राइंडर हातात घेतला
तेव्हा नायना म्हणाला, मी चहा सांगून येतो,
आणि टपरी समोर असून
पाऊण तासानं आला.

मग सहा एमएमच्या पट्ट्या. स्विंगआर्म आखूड केला.
चाचाची वेल्डिंग, चाचाच्या शिव्या, पुन्हा वेल्डिंग.
चेन काही लाइनीत येईना.
मी टेप लावला, चाचानं एक डोळा मिटून पाहिलं,
दोघांचं उत्तर वेगळं.
नायनानं खिशातून सूत काढलं,
पुढच्या चाकापासून मागच्या चाकापर्यंत ताणलं,
बोटानं एकदा छेडलं
आणि म्हणाला, नऊ एमएम, तुझ्याकडं.
नऊच होते.

बटण दाबलं, लागली.
तरी नायनानं आधी तिला डावीकडे आडवी केली होती,
पेट्रोल उतरावं म्हणून, सवयीनं.
गिअर आता पायात.
पण निघताना त्याचं डावं मनगट वळलं,
मोकळीच मूठ वळली,
आणि गाडी कुंभारीच्या रस्त्यावर
सरळ,
म्हणजे सरळ डावीकडे,
एका रसवंतीच्या बाकड्यात.

लागलं काही नाही. गुडघा, आणि दोन ग्लास.
गाडीत दोष नव्हता. सूत लावून पुन्हा पाहिलं.
दोष बसण्यात होता.
"नीट मध्ये बस की नायना."
"मध्येच बसलोय."
खरंच त्याला तसं वाटत होतं.

पंधरा दिवसांत सवय होईल, चाचा म्हणाला.
नायना चार दिवस रिक्षानं कामाला गेला.
संध्याकाळी गाडी पुसायचा, बसायचा नाही.

पाचव्या दिवशी मी बंद पडलेल्या शेडवर गेले.
बीमवर ताण धरायला लावतात
ती बिडाची वजनं कोपऱ्यात पडून होती,
नऊ-नऊ किलोची, हातांनी गुळगुळीत झालेली.
दोन उचलली.
उजव्या बोनेटच्या रिकाम्या पोटात
रबर घालून, क्लॅम्प मारून, घट्ट बसवली.
"दोन महिने घालवून बॅलन्स काढला
आणि अठरा किलोनं बिघडवलास,"
चाचा म्हणाला, "कुठल्या कॉलेजात शिकलीस बे हे?"

सकाळी नायना अर्धा बाहेर बसला.
गाडी सुतासारखी गेली.
बोनेटमध्ये काय आहे ते त्यानं विचारलं नाही,
फक्त परत आल्यावर
त्यावर दोनदा थाप मारली.

कधी शेंगाचटणी आणायला मी काढते
तर मला ती उजवीकडे ओढते.
अशोक चौकापर्यंत जमतं.

जुनं इंजिन पलंगाखाली आहे.
अम्मा त्यावर ओली पानं ठेवते,
गार राहतात म्हणते.