नख अडकेल असा टाका

हिवाळ्यात बेटावरच्या सभागृहात
हीटर लावायला किमान सहा माणसं लागतात.
गोधडीच्या वर्गात बायका पाच.
म्हणून मी.

फिलोमेना डॉलिमाउंटनं वहीत लिहिलं,
"सिरिल हिलियर. कारण: ऊब."
आणि हातात सुई दिली.
चाळीस वर्षं मी जाळी सांधली,
न्यूफाउंडलंडच्या वाऱ्यात, बर्फात,
मनगटाएवढ्या दोराला डोळे मिटून गाठ मारली.
ही सुई मात्र बोटांना सापडेना.
सापडली ती रुतूनच.
अंगुस्तान घालायचं असतं म्हणे.
माझ्या बोटात बसेल असं
पाच जणींच्या डब्यांत एकही नव्हतं.

पहिला चौकोन नऊ तुकड्यांचा.
शिवणीला पाव इंच सोड, ती म्हणाली.
सोडलं मी, अंदाजानं.
अंदाजानं मी धुक्यात खडक चुकवलेत.
पण कापड खडकाहून कडक निघालं,
दर शिवणीत केसभर चुकत गेलं
आणि शेवटी माझा चौकोन
शेजारणीच्या चौकोनाहून बोटभर आखूड,
वर मान वाकडी करून माझ्याकडेच बघणारा.

"उसव."

पहिला महिना शिवलं कमी, उसवलं जास्त.
लोरेटानं विचारलं, काय शिकलास?
म्हटलं, मागं यायला.

मार्चमध्ये वादळानं फेरीबोट चार दिवस आली नाही.
दूध संपलं, पाव संपला,
माझा निळा दोरा संपला.
खरं सांगतो,
आधी आठवण झाली ती दोऱ्याची.
तेव्हाच ओळखलं, हे प्रकरण
आता उबेचं राहिलेलं नाही.

शेडमधले पाने, स्पार्क प्लग खोक्यात गेले.
त्यांच्या फळीवर कापडाच्या चळती,
ग्रीसचा वास लागू नये म्हणून वर्तमानपत्रात.
लोरेटा आता सकाळी आपले झगे मोजते.
चर्चमध्ये पुढच्या बाकावर मॉड केझचा कोट,
काळ्यात बारीक हिरवी रेघ.
पाद्रीबाबा नोहाच्या तारवाशी पोचलेले असतात,
मी तो कोट
सहा त्रिकोणांत कापलेला असतो.

मग आला धावदोरा.
फिलोमेनाचे टाके इंचात दहा,
गाबोळीतल्या दाण्यांसारखे, एकाला एक लागून.
माझे चार.
तिनं माझ्या ओळीवरून बोट फिरवलं, मध्येच थांबलं.
"याला आम्ही म्हणतो, नख अडकेल असा टाका.
रात्री पाय लांबवलास की कळेल."
पाचही जणी हसल्या.
हीटरसुद्धा खडखडला.

तरी पुरी केली.
एक बाजू लांब, एक कोपरा रुसलेला,
मधली चांदणी पाच टोकांची,
सहावं टोक शिवणीत बुडालं.
पुठ्ठ्याच्या खोक्यात घालून पाठवली अल्बर्टाला,
जिथं आमची निम्मी पोरं तेलाच्या कामावर गेलीत
आणि माझी शार्लीनही.

तीन आठवडे काहीच नाही.
मग एका रात्री नातवाचा फोन.
वेलॉन, सहा वर्षांचा, झोपेतून उठलेला.
"आजोबा, एका टाक्यात माझा अंगठा जातो."
म्हटलं, आईला सांग, कापून टाक म्हणावं,
आलो की दुसरा घालून देतो.
"नको.
अंधारात त्याच्यावरूनच तर कळतं
पायथा कुठला."

मी फोन ठेवला, पुन्हा उचलला,
तोवर तो झोपायला गेला होता.

आता माझे टाके इंचात आठ.
फिलोमेना काही बोलत नाही,
म्हणजे चाललं असावं.
यंदा वर्गात आम्ही नऊ जण,
हीटरची चिंता मिटली.
नवा आलाय शाळेचा मास्तर,
दोरा ओवताना जीभ बाहेर काढतो.
काल त्याचा पहिला टाका पाहिला.
भलामोठा, तिरका,
त्यात अख्खी टाच अडकावी.

त्यानं माझ्याकडे पाहिलं.
उसवायचं हत्यार माझ्या खिशात होतं.
राहू दिलं.