बत्तीस चौकोन

सकाळी सातची भरती.
बोट धक्क्याला लागते तेव्हा बेटावरचे लोक
आधीच उभे असतात, लोकरीच्या टोप्यांत, ओठ मिटून.
चिलोएच्या या टोकाला दाताचा डॉक्टर
वर्षातून तीनदा येतो,
तोही समुद्राची मर्जी असेल तर.

माझं काम वहीचं.
माणसामागे एक पान, पानावर बत्तीस चौकोन.
आतून डॉक्टर यास्ना ओरडते, 'वर उजवीकडे सहावी, कीड!'
मी ठिपका देतो.
'खाली डावीकडे सातवी, नाही.'
मी फुली मारतो.
एकोणीस वर्षं झाली. आता पान पाहून कळतं
कुठलं घर जळालं, कुठलं ओस पडलं,
कुठे अजून कोणी दिवा लावतं.

एलिसेओ नावेलकीनचं पान लवकर भरतं.
सगळ्या फुल्या.
कवळी खिशात, रुमालात गुंडाळलेली.
रविवारी आणि मयताला लावतो, एरवी नाही, झिजेल म्हणून.
यास्ना ती उलटसुलट करून बघते,
'आजोबा, ही तुमची नाहीच.'
'भावाची. त्याला आता काय करायचीय?'
ती हसत नाही. गुलाबी लगदा कालवते,
त्याच्या रिकाम्या हिरड्यांचा ठसा घेते.
'नवी येईल. रोज लावा, रोज घासा,
रात्री काढून पाण्यात ठेवा.'
'रात्री पाण्यात?' म्हातारा खिडकीबाहेर बघतो.
'चाळीस वर्षं मासेमारी केली, बाई.
रात्री पाण्यात ठेवलेलं परत मिळत नाही.'

इसाईयास सात वर्षांचा, पुढचे दोन पडलेले,
शीळ घालतो त्या फटीतून.
मागची दाढ मात्र काळी.
आई म्हणते, दुधाचीच ना, पडेल.
नाही पडायची.
सहाव्या वर्षी चोरपावलांनी मागून येते ती
जन्माची सोबतीण,
आणि तिच्या येण्याचा कुणी पेढा वाटत नाही.

बेर्ताला सातवा महिना. घासताना रक्त येतं,
म्हणून तिने घासणंच सोडलंय.
सासू दारातूनच निकाल देते,
'प्रत्येक पोर एक दात घेऊन जातं. माझी सहा पोरं, मोजा.'
यास्ना हातातला आरसा खाली ठेवते.
'पोर काही नेत नाही, मावशी.
नेते ती दिवसभर घोट घोट घेतलेली साखरेची येर्बा,
आणि न घासता काढलेली रात्र.
रक्त येतं तिथेच घासायचं. हळू. पण घासायचं.'
सासू स्वतःची उरलेली बोटावर मोजत निघून जाते.

आणि नोल्फा.
चव्वेचाळीस वर्षांची, हात तोंडावर.
बोलताना हात, खाताना हात,
मुलाच्या लग्नाच्या फोटोतही हातच.
हसतील त्यांचे दात दिसतील, म्हणतात.
तिने त्यावर साधा उपाय शोधला होता.
खुर्चीत बसल्यावर तो हात कुठे ठेवावा
हे तिला सुचेना.
यास्नाने आपला पेला तिच्या हातात दिला, धर म्हणाली.
दीड तास ती पेला धरून होती.
पुढचे चार वाचले.
जाताना पेला तसाच हातात घेऊन उतरली,
आम्ही मागितला नाही.

शेवटी नोल्फाची नात, दहा महिने, खाली दोन दाणे.
तिच्यासाठी वेगळं पान, वीसच चौकोनांचं.
मऊ ब्रश, तांदळाच्या दाण्याएवढी पेस्ट,
दुधाची बाटली तोंडात ठेवून झोपवायचं नाही.
मी दोन गोल काढले.
अठरा कोरे राहिले; एवढं कोरं पान
हल्ली हाती येत नाही.

ओहोटी लागली. दोर सोडायला उठलो तर
यास्ना म्हणाली, 'आर्तेमियो, बस.'
'मी? मला काही दुखत नाही.'
'एलिसेओलाही काही दुखत नाही.'

दिवा डोळ्यांवर आला.
एकोणीस वर्षांत या छताला तडा आहे
हे मला ठाऊक नव्हतं.
तोंड उघडं, वही तिच्या मांडीवर,
पेन्सिल तिच्या कानामागे.
इंजिन बंद. पाणी फळ्यांना चाटत होतं.
'वर उजवीकडे पहिला,' ती स्वतःशीच म्हणाली,
आणि लिहिता लिहिता,
'आहे.'