जंगम

"भट्टी किती सालची?"
साहेबानं विचारलं, पेनाचं टोपण दातात धरून.
विजापूर रस्ता रुंद होणार, मंद्रूपच्या अलीकडं
आमच्या दारातनं जाणार, एवढं ऐकून होतो.
रकाना बोटभर. त्यात मावंल असं काय सांगू?

सांगितलं, पणजा मोनप्पा हितं आला तेव्हा
होटगीकडं रूळ पडत होते.
उरलेला हातभर रूळ कुणीतरी त्याला
दोन पायली जोंधळ्याला दिला.
कुणी म्हणतं दिला नाही, ह्यानंच उचलला रात्री.
तीच ही ऐरण.
चोरीची असो नसो,
एवढ्या वर्षांत उलटून बोलली नाही.

साहेबानं लिहिलं : जुनी.

मग लिहा, म्हणालो, रझाकाराच्या साली
आजानं दाराला पोतं लावून
चार रात्रीत अठरा भाले केले.
सकाळी बघावं तर विळे पाजवत बसलेला,
डोळे तेवढे लाल.
भाले पुढं कुठंच गेले नाहीत.
त्यातल्या दोनावर कल्लव्वाच्या परसात
अजून दोडक्याचा वेल चढतो.

हे त्यानं लिहिलं नाही.

बाहात्तरचं तरी लिहा.
पेर नाही, म्हणजे फाळ नाही,
फाळ नाही, म्हणजे लोहार कशाला?
पण अख्खा गाव खडी फोडायला रस्त्यावर.
टिकाव, पहारी, छिन्न्या, सगळं दिवसात बोथट,
आणि दिवेलागणीला आमच्या दारात रांग.
बाप सांडशीत धरायचा, आई घण घालायची,
मी भात्यावर, बारा वर्षांचा,
डोळा लागला तरी हात चालायचा.
त्या साली एवढा कोळसा जाळला
की लिंबाची एक बाजू पुढं कधी फुटलीच नाही.
बघा, अजून तशीच आहे.
बाप कुणाला दाम सांगायचा नाही.
"सुगीला द्या."
सुगी आली दोन वर्षांनी.
कुणी दोन पेंढ्या जास्त टाकल्या, कुणी रस्ता बदलला.
आणि आई, मिलोची लाल भाकर खाऊन घण घातलेली आई,
दुष्काळात आपल्याच घरी काम होतं
हे मरेपर्यंत खाली बघून सांगायची.

चुलता सिद्राम सोलापूरला गिरणीत लागला.
गिरणी बंद पडली तेव्हा परत आला
अर्धा अंगठा आणि भंगारातला एक पंखा घेऊन.
पंख्यानं भाता खुंटीला गेला.
कातडं उंदरांनी खाल्लं.
गाड्यांना टायर आले,
धाव चढवायची म्हणून गल्लीभर पेटणारं ते शेणीचं कडं
एका वर्षी पेटलं नाही,
आणि कुणी विचारलंही नाही, का वो?

मी फाट्यावर वेल्डिंग करतो.
त्याला भाता लागत नाही, लाईट लागते.
लाईट गेली की मी पण हितंच येऊन बसतो,
थंड राखंजवळ.

साहेब मोजत होता :
पत्रे अकरा. लिंब एक. भिंत मातीची.
ऐरणीला बुटाचं टोक लावून म्हणाला,
"हलवता येते ना? मग ही जंगम.
जंगमाला भरपाई नाही."
मला हसू आलं.
आमच्याकडं जंगम म्हणजे मठातला अय्या,
भिक्षेला दारात येऊन उभा राहणारा.
हिला कुठल्या दारात नेऊ?

तेवढ्यात त्यांची हद्दीची खुंटी
मुरमावर आपटून वाकली. दुसरी नव्हती.
पोरगं माझ्याकडं बघायला लागलं.
कोनाड्यातला बाभळीचा कोळसा काढला,
पंखा फिरवला, रुळावर सरळ केली,
टोकाला पाणी दिलं. चुर्र झालं.
आमच्याच उंबऱ्यात ती एका घावात बसली.

"किती झाले?" साहेबानं खिशात हात घातला.

माझ्या तोंडातनं आपसूक गेलं,
सुगीला द्या.