खांड

ऐरोली, सेक्टर आठ, बँकेच्या वरचा मजला.
मेणात गोठलेला तांदळाएवढा तुकडा
मी पात्याखाली धरतो.
चार मायक्रॉन. त्याहून जाड कापलं
तर नाफडे मॅडम नुसत्या बघतात, बोलत नाहीत.
लेबल: हर्षिका वाघे, अकरा महिने,
इलठणपाडा, दिघा.
जुलाब. सतरावा दिवस.

कोमट पाण्यावर पापुद्रा तरंगतो,
काचेवर उचलून घेतो.
आधी निळा रंग, मग गुलाबी.

निरोगी आतडं मी हजारदा पाहिलंय.
मखमलीची बोटं, बोटांवर खेटून उभ्या पेशी,
पेशींच्या माथ्यावर पुन्हा इवली लव,
आवणातल्या रोपांइतकी दाट.
हर्षिकाच्या काचेवर ती लव
जागोजाग नाही.
कापलेली नाही, उपटलेली नाही,
पाटीवरचं थुंकी लावून पुसावं
तशी पुसलेली.

"त्या काठ्या बघ," मॅडम म्हणाल्या.
होत्या. पंगतीला बसल्यासारख्या,
मांडीला मांडी लावून.

चहावर साय धरेपर्यंत त्या सांगत राहिल्या:
हा जंतू दार फोडत नाही.
दाराला त्याच्या मापाची कडी नसते,
म्हणून कडी सोबत घेऊन येतो.
सुईसारख्या नळीतून ती आत ढकलतो,
पेशी ती आपली समजून दाराला लावते,
आणि हा बाहेरून तीच धरून उभा राहतो.
मग पेशी
स्वतःचे वासे काढते, स्वतःचे खांब,
आणि त्याच्या बुडाखाली
चौरंग रचते.

मी हसलो.
आमच्या घणसोलीत असे पाहुणे
पुष्कळ येऊन गेले.

"हसतोस काय? पुढे ऐक," म्हणाल्या.
पेशी-पेशींमधली शिवण उसवते.
शरीराचं पाणी उलटं फिरतं,
लेकरू आतून ओसरत जातं.

तेव्हा मला बाप आठवला.
खारीचा बांध त्याच्याकडे होता, उघाडीची फळीसुद्धा.
ओहोटीला वर, भरतीला खाली,
घड्याळ न बघता.
म्हणायचा, "दर्या बांध फोरत नाय रे,
चिंबोरी फोरते."
बोटाएवढं बीळ.
रात्री उधाण त्यात बोट घालतं,
आणि सकाळी बैलगाडी जाईल एवढी खांड.
खारं पाणी शेतात शिरलं
की तीन वर्षं भात विसरायचा.

ती शेतं आता सेक्टर आहेत.
बाप गेला. फळी माझ्या गॅलरीत
कुंड्यांखाली आहे.

मॅडम रिपोर्ट लिहायला वळल्या,
मी काच थोडी खाली सरकवली.
बोटांच्या बुडाशी, खळग्यांत,
जिथे कुणी फारसं बघत नाही,
तिथे पेशी दुभंगत होत्या.
गडद, घाईघाईच्या.
खांड पडल्याच्या रात्री
अख्खा गाव असाच उतरायचा,
कंदील, घमेली, गुडघाभर चिखल,
कोण कुणाचा सोयरा न विचारता.
एका खळग्यात दोन. शेजारी एक.
पुढे चार.

"वरचा जुलूम थांबवला," मॅडम मान वर न करता म्हणाल्या,
"तर चार-पाच दिवसांत अस्तर नवं."
त्या "तर"वर त्यांचं पेन
जरा अडलं.

संध्याकाळी आई आली रिपोर्ट न्यायला.
खांद्यावर हर्षिका, डोळे खोल,
हातात कोल्ड्रिंकच्या बाटलीत टँकरचं पाणी.
उकळून देता का, विचारलं.
"गॅस सोमवारी संपला," ती म्हणाली,
आणि लगेच, "पण चुलीवर देते."
मग म्हणाली, "काय निघालं?"

मला सांगायची परवानगी नाही.
ते डॉक्टर सांगतात. मी फक्त कापतो, रंगवतो.
लिफाफा दिला, सही घेतली.
ती जिन्यापर्यंत गेली
आणि माझ्या तोंडून गेलंच:
"सात मोजले."

"काय सात?"

"खालून येतायत," मी म्हणालो.