शेऱ्याचा रकाना

शिरोड्याच्या मिठागरांपासून अर्ध्या कोसावर
तेहतीस केव्हीचं उपकेंद्र. मार्च. सकाळचे साडेसात.
खारा वारा येतो आणि बुशिंगच्या चिनीमातीवर बसतो,
पहाटेच्या दवात चरचरतो.

रोहित्र क्रमांक दोन. पाटीवर सन सत्याऐंशी,
रंगाखाली रंग, त्याखाली तांबेरा.
ब्रीदरमधले निळे खडे गुलाबी झालेत,
म्हणजे हा आता श्वासाबरोबर
थोडा समुद्रही आत घेतो.

मी खालच्या व्हॉल्व्हला नळी लावते,
पहिलं लिटरभर बादलीत सोडते,
मग काचेची सिरिंज, सावकाश.
एकही बुडबुडा नको.
तेल काकवीहून थोडं फिकट.

ऑक्टोबरच्या नमुन्यात ॲसिटिलीन निघाला होता, तीन पीपीएम.
त्याआधी कधीच नाही.
आत कुठेतरी ठिणगी पडली.
केव्हा, ते तेल सांगत नाही.

बाबल रेडकर लॉगबुक आणतात, पुठ्ठा दोऱ्याने शिवलेला.
तापमानाचा काटा चार वर्षं बावन्नावर अडकलाय,
पण रेडकरांनी बावन्न एकदाही लिहिलेलं नाही.
लिहिलंय:
हातास सोसते.
तीन मोजून हात काढला.
एप्रिलमधल्या एका दुपारी फक्त: हात लावला नाही.

आणि एकोणीस ऑगस्ट, रात्री दोन दहा:
फणसाची फांदी फीडरवर. दोनदा ट्रिप.
तिसऱ्यांदा घेतला. आवाज जड.

हे घ्या, माझे तीन पीपीएम.

टॅबलेटवर आवाजाचा रकाना आहे,
त्यात एक ते पाच.
'जड' त्यात बसत नाही.

तेल गाळता येतं, बदलताही येतं.
तांब्यावर गुंडाळलेला कागद मात्र तोच,
कारखान्यात कुणा बाईने ताणून धरलेला त्या दिवसाचा.
त्याला बघायचं तर रोहित्र फोडावं लागेल,
म्हणून तो झिजून तेलात काय सोडतो
त्यावरून आम्ही अंदाज बांधतो.
अकराशे कड्यांची साखळी होती,
आता साडेतीनशे असेल.
दोनशेच्या खाली गेला
की बोटाने दाबलं तरी भुगा.
आणि तोवर बाहेरून काही दिसत नाही,
दिवे लागतात, पंपाला पाणी चढतं,
पुढच्या महिन्यात पल्पचा कारखाना सुरू होईल,
बर्फवाले दोघे रात्रभर ओढतील.

"अजून कितके दिस काडीत?" रेडकर विचारतात.
"कागदावर आहे."
ते हसतात. "सगळाच कागदार आसता, म्याडम."

सिरिंज मी वर्तमानपत्रात गुंडाळते, उजेड लागू नये म्हणून.
जीपमध्ये ती मांडीवरच ठेवायची,
रस्त्याचा भरवसा नाही.
शेरा अजून कोरा.

मागे वळून बघते तर रेडकर टाकीपाशी,
उजवा तळहात टेकवलेला, ओठ हलतायत.
एक. दोन. तीन.
चार.
जीप माडांआड वळते.
हात निघालेला मला दिसत नाही.