पंपाची सुई

बैठक भरमा चौगुल्याच्या गिरणीत.
दुसरी जागा नव्हती असं नाही,
पण लुमाण्णा एकतीस वर्षं
संघाची यादी तिथंच लिहीत आले,
पिठाच्या पोत्यावर वही टेकवून.
म्हणून आम्ही सात जण पोत्यांवर
आणि ते स्वतः नाहीत.
गुडघ्याचं निमित्त. खरं तर
आपल्या मागं कोण, हे ऐकायला
कोण माणूस पुढं येऊन बसतो?

विषय एका ओळीचा.
चहा दोनदा झाला.
तिसऱ्या गेटवरून मालगाडी गेली, लांबलचक,
तेवढा वेळ सगळ्यांनी विचार केल्यासारखं केलं.

नावं तीन निघाली.
पुतण्या परशराम, घरचा.
सांतान डिसोझा, कॅम्पातला,
बंगळूरचं सर्टिफिकेट फ्रेम करून ठेवलेला;
पण त्याला कुवेतचा व्हिसा येणार होता,
ते नाव चहाबरोबरच संपलं.
आणि बसवण्णी हुक्केरी, बैलहोंगलचा,
आठ वर्षं लुमाण्णांच्या डाव्या हाताला उभा,
प्रत्येक फोटोत अर्धाच आलेला.

"आपलाच माणूस पायजे की रे,"
नागाप्पा म्हणाला.
गिरणी बंद होती, पीठ उडत नव्हतं,
तरी कुणीतरी खोकलं.
हा शब्द आमच्याकडं पाटीवर असतो,
बसच्या काचेवर असतो, मतपेटीत असतो.
मैदानात मी तो कधी ऐकला नव्हता.
लुमाण्णा शिव्या कानडीत द्यायचे,
शाबासकी मराठीत,
ऑफसाईडला नुसता हात.
"मुंदक होगो!" म्हटलं की
अनगोळची पोरं पुढं पळायची,
थांबून भाषा विचारायला
बॉल कुणासाठी थांबतोय?

हात वर झाले. तीन, तीन.
उरलो मी.

मला त्यांनी चौऱ्याण्णवच्या फायनलला
बाकावर बसवलं होतं.
सेमीफायनलला दोन गोल माझे.
आईनं शहापुरातून मोजे आणलेले, पांढरे.
संध्याकाळपर्यंत ते पांढरेच राहिले.
आम्ही जिंकलो,
हे वाक्य मी नेहमी शेवटी सांगतो.

आदल्या रात्री त्यांच्या घरी गेलो होतो.
घमेल्यात गरम पाणी, त्यात पाय.
कुणाला करू या, म्हणालो.
ते म्हणाले,
"पंपाची सुई कुणाजवळ असती बघ."
आणि कुंद्याची वाटी पुढं सरकवली.
मला राग आला.
साधं एक नाव घ्यायला काय झालं होतं?

सुया आम्ही वर्षाला डझनभर आणतो.
डझनभर हरवतात.
तरी कुठल्याही रविवारी बॉल मऊ झाला
की पोरं बसवण्णीकडं धावतात,
आणि त्याच्या खिशात, पेनाच्या टोपणात,
एक सुई असतेच.
बाकीच्या कुठं गेल्या
हे त्यानं एकदाही विचारलेलं नाही.

चार-तीन.
नागाप्पा उठून गेला, दुसऱ्याच्या चपला घालून.
ठराव भरमानं मराठीत लिहिला,
मल्लेशीनं त्याखाली कानडीत.
वारसदार शब्द तेवढा
वरून खाली तसाच उतरला,
तिकडं जाऊन जरा गोल झाला.

पहिला रविवार.
गिरणीच्या दारावर यादी.
माझा श्रेयस बाराव्या नंबरावर.
घरी काही खाल्लं नाही त्यानं,
बूट मात्र दोनदा पुसले.
बाकावर मोजे गुडघ्यापर्यंत ओढून बसला.
मी रेषेजवळ उभा, बोललो काही नाही,
बसवण्णीनंही माझ्याकडं बघितलं नाही,
आणि मला, का कोण जाणे, बरं वाटलं.

लुमाण्णा आले होते.
तारेच्या पलीकडं, गोलमागं,
जिथं कुणीच उभं राहत नाही तिथं, काठी टेकून.
हाफटाइमला बॉल मऊ निघाला.
बसवण्णीनं टोपण उघडलं,
सुई जिभेवर ओली केली
आणि तिकडं तारेपलीकडं लुमाण्णांनी
आपलेच ओठ ओले केले.